वस्त्र पुरले, उत्तर उरले

'महाभारत' मालिकेतला द्रौपदीवस्त्रहरणाचा भाग पाहिला नाही असा माझ्या पिढीतला वारकरी मुंबईच्या उपनगरांत शोधून सापडायचा नाही. बी. आर. चोप्रा यांची ही मालिका दूरदर्शनवर २ ऑक्टोबर १९८८ रोजी सुरू झाली आणि २४ जून १९९० रोजी संपली. एकंदर ९४ भाग. रविवारी सकाळी नऊ वाजता रस्ते ओस पडत. आमच्या घाटकोपरात रविवारचे सकाळचे भजन त्या दिवसांत दहानंतरच बसे, कारण त्याआधी टाळकरीच जमत नसत. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा डीडी भारती वाहिनीवर ती पुन्हा दाखवली गेली आणि नातवंडांच्या पिढीनेही ती पाहिली. आता तर मोबाइलवर हवा तो भाग काढून, थांबवून, मागे नेऊन पाहता येतो. वयामुळे कीर्तनाला उभे राहणे थांबले, तरी एखादा प्रसंग दुसऱ्याने कसा रंगवला हे बारकाईने पाहण्याची सवय काही सुटत नाही. हा एक भाग मी किती वेळा पाहिला, याची मोजदाद ठेवलेली नाही.

त्या भागात देव कसा आला, हे सर्वांना आठवते. सभा काय करत होती, हे फार थोड्यांना आठवते. या लेखात मला एवढ्याच दोन गोष्टींचा विचार आपल्यासमोर मांडायचा आहे.

आधी गुण सांगतो, कारण ते मोठे आहेत. या मालिकेचे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले. मुसलमान घरात जन्मलेल्या लेखकाने व्यासांची कथा लिहावी, याचे त्या वेळी काहींना नवल वाटले होते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना संत मानणाऱ्या आपल्या परंपरेला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. मालिकेचा निवेदक म्हणून त्यांनी काळालाच बोलते केले. हरीश भिमाणी यांचा तो आवाज ऐकताना गीतेच्या अकराव्या अध्यायातला, स्वतःला काळ म्हणवणारा भगवंत आठवतो. द्रौपदी झाल्या रूपा गांगुली, दुःशासन विनोद कपूर, भीष्म मुकेश खन्ना, आणि श्रीकृष्ण आपले मराठी नट नितीश भारद्वाज. पुष्कळसे चित्रीकरण गोरेगावच्या चित्रनगरीत झाले. म्हणजे हस्तिनापूरची ती सभा आपल्या घरापासून दोन-चार स्टेशनांवर भरली होती, असे म्हणायला हरकत नाही.

आता प्रसंग पाहू. द्यूत संपले आहे. युधिष्ठिराने भाऊ गमावले, स्वतःला गमावले आणि शेवटी द्रौपदीला पणाला लावून तिलाही गमावले. तिला केसांना धरून सभेत आणले जाते. इथे मालिका घाई करीत नाही, हा तिचा पहिला मोठा गुण. तिने द्रौपदीला बोलू दिले आहे. तिच्या रडण्याआधी तिचा प्रश्न आपल्या कानावर येतो. जो स्वतःलाच हरून बसला, त्याला पत्नीला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का? हा प्रश्न ती एकेका वडीलधाऱ्यासमोर ठेवते आणि कॅमेरा त्या त्या चेहऱ्याकडे जातो. पितामहांची मान खाली. आचार्यांची मान खाली. पाच पतींच्या माना खाली. मुकेश खन्ना यांचा भीष्म इथे फारसे बोलत नाही, आणि त्या न बोलण्यातच त्यांचा सगळा अभिनय आहे. ज्याच्या शब्दाला तीन पिढ्यांनी मान दिला, त्याच्याकडे ऐन वेळी शब्द नाही.

मग दुःशासन पदराला हात घालतो. द्रौपदी आधी वस्त्र घट्ट धरते, हिसके बसतात, ती फिरते, आणि अखेर हात वर जोडून गोविंदाला हाक मारते. त्याबरोबर पडद्यावर श्रीकृष्णाची मूर्ती प्रकट होते. तेजाचे वलय, हसरा शांत चेहरा, आणि उचललेल्या हातातून वाहत येणारे वस्त्र. दुःशासन ओढतो आहे, वस्त्राचा ढीग वाढतो आहे, आणि शेवटी तो दमून कोसळतो.

१९८८-९० च्या काळात अशी दृश्ये करायला आजच्यासारखी संगणकाची साधने नव्हती. एका चित्रावर दुसरे चित्र बसवून केलेली ती किमया आजच्या मुलांना भाबडी वाटते. तरीही त्या क्षणी घराघरांत लोकांनी टीव्हीसमोर हात जोडले, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना धार लागली. हे यंत्राचे यश नाही. ज्या देशात ती हाक पिढ्यान् पिढ्या कीर्तनातून, जात्यावरच्या ओव्यांतून ऐकली गेली, त्या देशाने आपल्या मनातला देव पडद्यावर पाहिला. एकनाथ महाराजांचे नातू मुक्तेश्वर यांनी मराठीत सभापर्व रचले. श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप' चातुर्मासात गावोगाव वाचला गेला. त्या सगळ्याची पुण्याई त्या दोन-तीन मिनिटांच्या पाठीशी होती.

इथेच माझा पहिला आक्षेप आहे, आणि तो भाविकाचा आहे. देव दाखवला म्हणून मला खटकत नाही. आपण सगुणाचे उपासक आहोत. विटेवर उभे असलेले रूप डोळे भरून पाहण्यासाठी आपण शेकडो मैल चालतो. निराकारच तेवढे खरे आणि रूप म्हणजे लहान मुलांची समजूत, असे वारकऱ्याने कधी मानले नाही. विश्वरूप पाहून भेदरलेला अर्जुन पुन्हा ते ओळखीचे, सखा असलेले रूप मागतो, आणि माउलींनी त्या मागण्यातले प्रेम किती गोडीने उलगडले आहे हे ज्ञानेश्वरीच्या वाचकांना सांगायला नको. मात्र आपल्याला रूप हवे असते ते प्रेमासाठी. पुराव्यासाठी आपण रूप मागत नाही. या भागात देवाचे रूप पुराव्यासारखे आले आहे. वस्त्र कुठून आले, असे कोणी विचारू नये म्हणून देवाचा हात दाखवला. त्यामुळे काय झाले? इतका वेळ आपली नजर द्रौपदीवर आणि त्या खाली गेलेल्या मानांवर होती. ती एकदम वर गेली. सभा नजरेआड झाली आणि देवाचा हात तेवढा उरला.

मूळ ग्रंथ काय सांगतो, हे या ठिकाणी पाहण्यासारखे आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सित आवृत्ती करायला घेतली. देशभरातल्या जुन्या हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहण्याचे ते काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्यातल्या सभापर्वाचे संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडितांनी केले आणि ते १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी सिद्ध केलेल्या पाठात द्रौपदीने श्रीकृष्णाचा धावा केल्याचे श्लोक मुख्य संहितेत नाहीत, ते तळटीपांत आहेत. मुख्य पाठात एवढेच येते की वस्त्र ओढले जात असता तशीच दुसरी वस्त्रे पुन्हा पुन्हा प्रकट होत गेली. कोणी पुरवली, ते सांगितलेले नाही.

हे ऐकून काही भाविक बिचकतात, आणि काही शहाणे लोक आपल्याला टोमणा मारतात की पाहा, तुमचा देव मागाहून घातलेला आहे. दोघांनीही थोडे पुढे वाचावे. त्याच चिकित्सित आवृत्तीच्या उद्योगपर्वात, युद्धाची तयारी चालू असताना, श्रीकृष्ण संजयाशी बोलतो, आणि संजय ते बोलणे धृतराष्ट्राला येऊन सांगतो. त्यात भगवंत म्हणतो, मी दूर होतो, द्रौपदीने मला गोविंद म्हणून हाक मारली, आणि ते ऋण वाढत चालले आहे, ते माझ्या हृदयातून हलत नाही. म्हणजे हाक खरी आहे. संपादकांची कात्री फिरल्यानंतरही ती शिल्लक राहिलेली आहे. आणि वनपर्वात तो पांडवांना सांगतो की शाल्वाशी लढण्यात मी गुंतलो होतो. मी त्या वेळी असतो तर ते द्यूतच होऊ दिले नसते.

माझ्या मते हा धागा मालिकेतल्या तेजोवलयापेक्षा फार मोठा आहे. या कथेत देव म्हणतो की मी दूर होतो. तिथे उभे राहून वस्त्र पुरवल्याची शेखी तो मिरवत नाही. उलट स्वतःला ऋणकरी म्हणवतो. लोककथेने हे ऋण वेगळ्या रीतीने सांगितले आहे. कृष्णाच्या बोटाला जखम झाली आणि द्रौपदीने भरजरी वस्त्र फाडून चिंधी बांधली, ही कथा व्यासांची नाही, लोकांची आहे. १९५३ सालच्या 'श्यामची आई' चित्रपटातल्या गाण्याने ती मराठी घराघरांत पोचली. लोक म्हणतात, देव चिंधीचा ऋणी आहे. व्यास म्हणतात, देव हाकेचा ऋणी आहे. दोन्हीकडे देणेकरी देवच आहे. भक्ताने हाक मारल्यावर आपले देणे फिटले असे देवाला वाटत नाही, ते वाढले असे वाटते. नामाचे सामर्थ्य याहून अधिक ते काय सांगायचे?

टाळेबंदीत ही मालिका पुन्हा लागली, त्याच वर्षी वारी पायी निघाली नाही. ३० जून २०२० रोजी संतांच्या पादुका एसटीच्या बसने पंढरपूरला गेल्या आणि १ जुलैची आषाढी आपण सर्वांनी घरात बसून केली. बोरिवली, मुलुंड, अंधेरीच्या खोल्यांतून, खिडकीत तुळशीची कुंडी ठेवून लोक हरिपाठ म्हणत होते. दूर असलेल्याला हाक मारणे म्हणजे काय, ते त्या वर्षी आपल्याला नीट कळले. देव पडद्यावर दिसला नाही, प्रकाशाचे वलय आले नाही, तरी हाक खोटी झाली असे कोणत्याही वारकऱ्याला वाटले नाही. म्हणूनच म्हणतो, त्या प्रसंगात देवाचा हात दाखवला नसता आणि नुसती द्रौपदीची हाक, संपत नसलेले वस्त्र आणि सभेचे चेहरे दाखवले असते, तर भाविकाला काहीच कमी पडले नसते. उलट देव अधिक जवळ वाटला असता.

याच प्रसंगावर कीर्तनांत एक दृष्टांत फार चालतो. मालिकेतल्या वस्त्र धरून ठेवण्याच्या दृश्यानंतर तो अधिकच चालू लागला. द्रौपदीने दोन्ही हातांनी वस्त्र धरले तोवर देव आला नाही. एक हात सोडला तरी आला नाही. दोन्ही हात सोडून शरण गेली तेव्हा धावला. शरणागतीचे तत्त्व सांगायला हा दृष्टांत सोपा आहे, पण तो जपून वापरावा असे माझे नव्या कीर्तनकारांना सांगणे आहे. अंगावरचे वस्त्र ओढले जात असता बाई ते धरून ठेवणारच. त्या धरण्याला अहंकार म्हणणे म्हणजे तिच्याच पदरात दोष घालणे. आणि तिने हात सोडेपर्यंत देव वाट पाहत उभा राहिला असे सांगितले, तर तोही त्या सभेतला आणखी एक बघ्या ठरतो. माझ्या विठोबाला मी त्या रांगेत बसवू शकत नाही. शरणागती सांगायची असेल तर गजेंद्राची सांगावी, प्रल्हादाची सांगावी. द्रौपदीच्या प्रसंगात शरण जायला हवी होती ती सभा, आणि तीही सत्याला.

आता दुसऱ्या, अधिक महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. मालिकेत वस्त्राचा चमत्कार हा प्रसंगाचा कळस आहे. पुढेही प्रसंग चालू राहतो, प्रतिज्ञा होतात, आवाज चढतात, पण पाहणाऱ्याचे मन वस्त्रापाशीच थांबलेले असते. देव आला, लाज राखली, हुश्श झाले. मूळ सभापर्वात तसे नाही. तिथे चमत्कारानंतर सभेत गलका होतो, भीम दुःशासनाचे रक्त पिण्याची प्रतिज्ञा करतो, आणि त्यानंतर विदुर दोन्ही हात वर करून सभेला शांत करतो व बोलू लागतो. तो चमत्काराबद्दल एक शब्दही काढत नाही. तो म्हणतो, द्रौपदीने प्रश्न विचारला आहे आणि ती अनाथासारखी रडते आहे. तुम्ही उत्तर देत नाही, त्यामुळे धर्माला पीडा होते आहे. डोळ्यांदेखत अघटित घडल्यावरसुद्धा विदुराला आठवतो तो प्रश्न.

मग तो एक जुनी कथा सांगतो. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि अंगिरस ऋषींचा मुलगा सुधन्वा यांचा आमच्यात श्रेष्ठ कोण यावरून वाद झाला. प्राणांची पैज लागली. निवाडा करायला दोघे प्रल्हादाकडेच आले. एकीकडे पोटचा मुलगा, दुसरीकडे सत्य. प्रल्हादाने कश्यपांना विचारले की जो जाणूनही बोलत नाही त्याचे काय होते? कश्यपांनी पापाची वाटणीच करून दिली. सभेत निंद्य गोष्ट घडत असता तिची निंदा झाली नाही, तर त्या पापाचा अर्धा भाग सभेतल्या श्रेष्ठाकडे जातो, पाव भाग करणाऱ्याकडे, आणि उरलेला पाव भाग गप्प बसलेल्या सभासदांकडे. निंदा झाली तर मात्र श्रेष्ठ सुटतो, सभासद सुटतात, आणि सगळे पाप करणाऱ्याच्या माथी जाते. हे ऐकून प्रल्हादाने आपल्या मुलाच्या विरुद्ध निवाडा दिला. सुधन्व्याने प्रसन्न होऊन विरोचनाला जीवदान दिले.

हिशेब पाहावा. दुःशासनाच्या वाट्याला पाव आणि न बोलणाऱ्यांच्या वाट्याला पाऊण. प्रल्हादाला आपण भक्त म्हणून ओळखतो, खांबातून नरसिंह प्रकटवणारा म्हणून. पण पुत्रप्रेमाने आंधळा झालेला बाप समोर बसलेला असताना विदुराने नेमका हा प्रल्हाद का आठवावा, हे उघड आहे. आपल्या लोकांच्या विरुद्ध खरे बोलणे हीसुद्धा भक्ती आहे, हे विदुराला दाखवून द्यायचे आहे. एवढे सांगूनही सभेतले राजे काही बोलत नाहीत. चमत्कार पाहिला, नीती ऐकली, तरी सगळे गप्प. माउलींनी नवव्या अध्यायाच्या शेवटी धृतराष्ट्राचे वर्णन करताना पुराच्या पाण्यात निवांत बसून राहिलेल्या रेड्याची उपमा दिली आहे. भोवताली अमृताचा पूर आला तरी तो हलत नाही. त्या सभेत असे किती जण बसले होते!

एकटा विकर्ण बोलला होता, तोही वस्त्राला हात लागण्याच्या आधी. धृतराष्ट्राचा मुलगा, दुर्योधनाचा धाकटा भाऊ. वडीलधारे बोलेनात तेव्हा त्याने उभे राहून सांगितले की द्रौपदी जिंकली गेली असे मी मानत नाही. कर्णाने त्याला पोरकट ठरवून गप्प केले. कीर्तनांत कर्णाच्या दातृत्वावर तासभर बोलतात. विकर्णाला दोन वाक्येही मिळत नाहीत. मालिकेबद्दल बोलतानाही लोक शकुनीच्या फाशांची, भीमाच्या गर्जनेची आठवण काढतात. विकर्णाचे काम कोणी केले होते, हे विचारून पाहा, फारसे कोणी सांगू शकणार नाही.

आणि द्रौपदीचे पुढे काय झाले? कोल्हेकुई ऐकून, अपशकुनांना घाबरून धृतराष्ट्राने तिला वर मागायला सांगितले. पहिल्या वराने तिने युधिष्ठिराला दास्यातून सोडवले. दुसऱ्याने उरलेल्या चौघांना, रथ आणि शस्त्रांसह. तिसरा वर तिने नाकारला, कारण लोभ धर्माचा नाश करतो. ज्या कर्णाने तिचा अपमान केला, त्यालाच म्हणावे लागले की बुडत्या पांडवांना ही नाव होऊन तारून गेली. मालिकेने द्रौपदीला पाहणाऱ्याच्या मनात रडणारी आणि सूड मागणारी म्हणून ठसवले. व्यासांची द्रौपदी रडते, रागावते, पण शेवटी सर्वांना सोडवून स्वतःसाठी काही न मागता उभी राहते. वारकऱ्याला या तिसऱ्या, न मागितलेल्या वराजवळ थांबता आले पाहिजे. देवाकडे मागायची संधी असताना पुरे म्हणणे, हे आपल्या संतांनी आयुष्यभर शिकवले आहे.

आता सर्व एकत्र करून सांगतो. देवाने वस्त्र पुरवले. उत्तर पुरवले नाही. देवाला उत्तर ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? ते त्याने दिले नाही, कारण ते सभेने द्यायचे होते. जे माणसाच्या हाती आहे ते देव करीत नाही, आणि केले तर माणसाला माणूस म्हणून काही उरत नाही. बाईची लाज राखणे त्या क्षणी कोणत्याही माणसाच्या हाती उरले नाही, असे त्या माणसांनीच करून ठेवले, तेव्हा देवाला यावे लागले. हा देवाचा गौरव आहे खरा, पण सभेची त्यात नाचक्की आहे. मालिका पाहून आपण गौरव घेतला आणि नाचक्की सोडून दिली.

हे आपल्याशी कसे लागू पडते, ते सांगायला हस्तिनापूरला जावे लागत नाही. उपनगरांतल्या इमारतींत दोन घरांमधली भिंत चार-सहा इंचांची असते. रात्री पलीकडून भांडे आपटल्याचा आवाज येतो, सुनेचे रडणे येते, दारू प्यालेल्या माणसाचा आरडाओरडा येतो. सगळा मजला ऐकतो. कोणी टीव्हीचा आवाज वाढवतो, कोणी म्हणतो की त्यांच्या घरातले आहे, आपण कशाला पडा. सकाळी लिफ्टमध्ये ती बाई भेटते आणि सगळे मोबाइलमध्ये पाहतात. त्यातले काही जण गळ्यात माळ घातलेले असतात, एकादशी करणारे असतात, दिंडीत चालणारे असतात. दिंडीत एखाद्या म्हातारीच्या पायाला फोड आला तर मलम लावायला दहा हात पुढे येतात. तेच हात आपल्या मजल्यावर दाराची कडी वाजवायला का धजत नाहीत? कश्यपांनी सांगितलेला तो पाव हिस्सा माळ पाहून कमी होत नाही.

मुद्दाम सांगतो, हे सरकार, पोलीस, कायदा यांच्या जागी भक्ती ठेवण्याचे बोलणे नाही. विकर्णाने शस्त्र उचलले नाही. त्याने फक्त उभे राहून आपल्याला काय पटत नाही ते सर्वांसमोर सांगितले. दार वाजवून काय चालले आहे एवढे विचारणे, त्या बाईला सकाळी बसवून चहा देणे, लागल्यास तिच्याबरोबर चौकीवर जाणे, हे कुणाही वारकऱ्याला जमण्यासारखे आहे. एवढे केले तर ती सभा हस्तिनापूरची राहत नाही.

कीर्तनकारांना एक व्यवहारातली सूचना. हा प्रसंग सांगताना वस्त्र वाढू लागले की मृदंग उठतो, टाळ उसळतात, श्रोते पुंडलिकवरदाचा गजर करतात. तो गजर जरूर व्हावा. त्यानंतर मात्र लगेच पुढच्या चरणाकडे जाऊ नये. टाळ थांबू द्यावेत. मंडप शांत होऊ द्यावा. मग द्रौपदीचा प्रश्न पुन्हा एकदा, हळू आवाजात, श्रोत्यांसमोर ठेवावा आणि विदुराने सांगितलेला पाव आणि पाऊण हिस्सा सांगावा. चित्रनगरीतल्या त्या सेटवर कॅमेरा देवाकडे वळला की परत सभेकडे आणणे दिग्दर्शकाला जमले नाही. कीर्तनकाराला ते जमते, कारण त्याची सभा त्याच्या समोरच बसलेली असते, आणि तिच्या डोळ्यांत त्याला पाहता येते.

मालिका पुन्हा कुठे ना कुठे लागेलच. घरातल्या मुलांना घेऊन हा भाग जरूर पाहावा. देव प्रकटला की हात जोडावेत, डोळे भरून आले तर भरू द्यावेत. मग मुलांना विचारावे की इतकी मोठी माणसे बसली होती, त्यांतले कोण कोण बोलले? मुले बोटांवर मोजू लागतील. त्यांची बोटे फार लवकर थांबतील. त्यानंतर ती आपल्याकडे पाहतील, आणि तेव्हा आपल्याला काय उत्तर देता येईल, याचा विचार प्रत्येक माळकऱ्याने आजच करून ठेवावा.

रामकृष्णहरि.